वाऱ्यानं काढलेलं पाणी

मु. बोरखार, ता. दर्यापूर
१२ नोव्हेंबर १९६१

चि. शालू,

जय भीम. तुझ्या मायची तब्येत बरी आहे, माझी बरी आहे, गायही बरी आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

गेल्या आठवड्यापासून मी गावात मोठा माणूस झालो आहे. जानराव पाटील मला तीस वर्षं "पुंज्या" म्हणत आले. सोमवारी ते "पुंजाजी" म्हणाले, बुधवारी "पुंजाजीभाऊ", आणि काल वाटेत थांबून "पुंजाजीराव". मागून दुसरा कोणी येत असेल म्हणून मी वळून पाहिलं.

झालं ते असं. विकास गटाचे साहेब दर्यापुराहून आले होते. ते म्हणाले, गावानं सहकारी संस्था काढून पवनचक्की उभी केली तर सरकार हातभार लावेल. वारा चक्र फिरवील, चक्र पंप ओढील, विहिरीचं पाणी आपोआप उंच हौदात चढेल आणि तिथून नळानं गावात येईल. चक्की कोणा एकाची नाही, साऱ्या गावाची. वारा कुठं जास्त ते पाहायला साहेबांनी कागदाच्या भिंगऱ्या करून दहा जणांच्या वावरांत काड्यांवर लावल्या. ज्याला त्याला वाटे, खरा वारा माझ्याच वावरात. जानरावांची भिंगरी जागची हलेना, तेव्हा त्यांनी उपरण्यानं वारा घातला. साहेबांनी ते पाहिलं आणि वहीत काहीच लिहिलं नाही. आपल्या बरड टेकाडावरची भिंगरी मात्र अशी फिरली, की काडीसकट उडून नाल्यात गेली.

ते टेकाड आपल्या वाडवडलांच्या वाट्याला कसं आलं ते तुला ठाऊक आहे. तिथं ज्वारी उभी राहत नाही, वाऱ्यानं आडवी होते. गावाला नको होतं म्हणून आपल्याला मिळालं. टेकाडाच्या पायथ्याला आपली विहीर आहे आणि या खाऱ्या मुलुखात गोडं पाणी तेवढं तिलाच. गावानं आजवर खारं पाणी पिऊन पोटं बिघडवून घेतली, पण आपल्या विहिरीचा थेंब घेतला नाही. आता जानराव म्हणतात, "वाऱ्यानं काढलेलं पानी हाय जी. त्याले कोनाचा हातच लागत नाई, मंग काय हरकत हाय?" म्हणजे आपण काढलं की बाटतं आणि वाऱ्यानं काढलं की चालतं. मी म्हटलं, बरं. वाऱ्याची जात काही मी विचारली नाही.

तुझा बाप,
पुंजाजी (राव)


जुने शहर, अकोला
१८ नोव्हेंबर १९६१

ती. बाबांस,

शालूचा जय भीम. पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा काळजी वाटली, तिसऱ्यांदा राग आला. राव म्हणवून घेण्यात तुम्ही इतके रमलात, की जे लिहायला हवं होतं तेच राहिलं. टेकाड संस्थेला द्यायचं म्हणजे कसं द्यायचं? तुम्ही संस्थेचे सभासद होणार, की जागा देऊन बाजूला उभे राहणार? आणि नळ कुठं बसणार? किती?

कोणी मान दिला की तुम्ही न वाचता सही करता, हे मला माहीत आहे. मागे असाच कोणी मान दिला आणि तुम्ही जत्रेत कुस्तीचे पंच होऊन बसलात. आयुष्यात एक कुस्ती खेळला नव्हतात. दोन्ही पैलवान तुमच्या अंगावर धावून आले, तेव्हा मायनं तुम्हाला ओढून घरी आणलं होतं.

लोखंडी मनोरा अब्दुल रहीम चाचा करणार असं इथं समजलं. त्यांचं वर्कशॉप आमच्या गल्लीच्या टोकालाच, मोर्णा नदीच्या बाजूला आहे. जिनिंगची यंत्रं दुरुस्त करावीत तर त्यांनीच, असं सगळं अकोला म्हणतं. तुम्ही दर्यापूरच्या शाळेत वर्गाबाहेर बसायचात आणि चाचा आत जागा असून तुमच्याजवळ बाहेर येऊन बसायचे, ही गोष्ट त्यांनी मला पुन्हा सांगितली. मास्तरांनी त्याबद्दल त्यांना छड्या मारल्या, हे मात्र तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं.

नकाशा पाहिल्याशिवाय सही करू नका. मायला विचारा.

तुमची,
शालू


मु. बोरखार
३ डिसेंबर १९६१

चि. शालू,

जय भीम. नकाशा पाहिला. तुला विचारायचं सुचलं, आणि मला मात्र राव झाल्यामुळं सुचलं नाही.

नळ दोन होते. एक चावडीसमोर, सिमेंटच्या ओट्यावर. दुसरा चावडीच्या मागं, जनावरं पाणी पितात त्या डोणीजवळ. जानराव म्हणाले, "तो मांगला नळ तुमच्या लोकायच्या सोयीसाठी हाय. गर्दी होत नाई तिकडं." तुझी माय दारात उभी होती. ती आत गेली आणि रिकामा हंडा असा आदळला की जानरावांचा शब्द तोंडातच राहिला. मी विचार करतो म्हणालो.

पण आता काळजीचं कारण उरलं नाही. परवा अब्दुल रहीम माप घ्यायला आला. शाळेच्या ओसरीत त्यानं मोठा कागद पसरला आणि बराच वेळ मान हलवत बसला. मग म्हणाला, "दो नल? दो नल नहीं चलते पाटील साब. हवेचा जोर बटून जाते. आधा इधर, आधा उधर. मंग पंप उलटा फिरते आन इहीर सुकून जाते." कोणी शंका काढली, तर त्यानं नकाशाच्या कोपऱ्यात उर्दूत लिहिलेलं होतं त्यावर बोट ठेवलं. सगळ्यांनी गंभीरपणे वाचल्यासारखं केलं. नंतर मी त्याला विचारलं, तर तो त्याच्या वर्कशॉपचा पत्ता होता.

तर विज्ञानाच्या नियमानं नळ एकच बसणार, चावडीसमोर, साऱ्यांसाठी. संस्थेत प्रत्येक घरानं दोन गाड्या दगड आणि चार दिवसांची मेहनत घालायची आणि मालक व्हायचं. मीही मालक, पंचकमिटीत. तू विज्ञान शिकवतेस, तुला आनंद होईल.

तुझा बाप,
पुंजाजी


जुने शहर, अकोला
८ डिसेंबर १९६१

ती. बाबांस,

मला आनंद झालेला नाही. "विज्ञानाच्या नियमानं" हे वाचून मी सातवीच्या वर्गात खडू हातात घेऊन नुसती उभी राहिले. असा कुठलाही नियम नाही. चक्कीचं काम पाणी हौदात चढवण्याचं. हौद भरल्यावर त्याला किती नळ लावले याच्याशी वाऱ्याचा काय संबंध?

शाळा सुटल्यावर तडक वर्कशॉपात गेले. चाचा चक्राची पाती ठोकत होते. मी म्हटलं, चाचा, हे खोटं आहे. ते हातोडा न थांबवता म्हणाले, "हाव. खोटंच हाय." मी म्हटलं, तुम्ही तर कारागीर माणूस. तेव्हा त्यांनी हातोडा खाली ठेवला. म्हणाले, "बेटी, लोखंडाशी मी कधी खोटं बोललो नाई. लोखंड ऐकूनच नाई घेत. मानसायची बात अलग हाय. मानूस खरं सांगतलं तं ऐकत नाई, आन खोटं सांगतलं तं मान डोलवते." वर मला चहा पाजला आणि खारी खाऊ घातली, म्हणजे मला भांडताही येईना.

खरं सांगा बाबा. हे चाचांच्या डोक्यातून निघालं की तुमच्या?

तुमची,
शालू


मु. बोरखार
१३ डिसेंबर १९६१

चि. शालू,

माझ्या.

त्याच्या डोक्यात फक्त उलटा फिरणारा पंप आला. तो त्यानं आयत्या वेळी घातला आणि चांगला घातला.

आता तू शिकलेली आहेस, मला खऱ्याखोट्याचं सांगशील. तर आधी माझं ऐक. तुझी माय बावन्न वर्षांची झाली. गोडी विहीर आपली, पण चावडीसमोरून हंडा घेऊन जायचं तर तिला आजही रस्त्याच्या कडेनं जावं लागतं. तिची एकच इच्छा आहे. चावडीसमोर, भर दिवसा, साऱ्यांच्या डोळ्यांदेखत, साऱ्यांच्या नळावर एक हंडा भरायचा. मी म्हटलं, मी करून देतो. धम्म घेतला तेव्हापासून मी दारू सोडली, नवस सोडले, पंचांग सोडलं. एक खोटं तेवढं उरलं होतं, ते तिच्यासाठी वापरलं.

तुला काही करायचं नाही. फक्त गप्प राहायचं. लहानपणी तुला ते कधी जमलं नाही, आता सरकारी पगार घेतेस तर जमव.

बाबा


मु. बोरखार
२१ डिसेंबर १९६१

कु. शालूबाई वानखडे, विज्ञान शिक्षिका, यांस
जानराव पाटील, अध्यक्ष, बोरखार सहकारी पवनचक्की संस्था (नियोजित) यांचा नमस्कार.

आपण गावच्या लेक आहात व आपल्या शिक्षणाचा गावास अभिमान आहे. (अभिमान पूर्वीपासूनच होता, कळविण्याचे राहून गेले.)

विषय असा की, हौदास दोन नळ बसविल्यास वाऱ्याचा जोर वाटला जाऊन पंप उलट फिरतो, असे मिस्त्रींनी सांगितले आहे. संस्थेतील चार-पाच सभासदांस ही गोष्ट पटत नाही. त्यांचे म्हणणे, मिस्त्री पुंजाजीरावांचा दोस्त आहे. तरी आपण शास्त्राच्या आधारे खुलासा करावा. एक ओळ पुरे आहे. "दोन नळ बसविता येत नाहीत" एवढे लिहून खाली सही व हुद्दा घातल्यास चालेल. आपले उत्तर काय येणार याची मला खात्री आहे, कारण आपण पुंजाजीरावांच्या कन्या आहात.

उत्तर लखोट्यात बंद करून पाठवावे. मी ते आधी वाचणार नाही. दि. ३१ च्या सभेत सर्वांसमक्ष फोडीन व मोठ्याने वाचीन, म्हणजे कोणास तोंड उघडावयास जागा राहणार नाही.

आपला,
जानराव पाटील


जुने शहर, अकोला
२६ डिसेंबर १९६१

रा. जानराव पाटील यांस,

नमस्कार. हे पत्र चार दिवस लिहिते आहे.

तुम्ही शास्त्र विचारलंत, म्हणून आधी शास्त्र. मिस्त्रींनी सांगितलं ते खरं नाही. चक्की पाणी हौदात चढवते आणि तिथं वाऱ्याचं काम संपतं. हौदाला एक नळ लावा, नाहीतर दहा लावा. पंप उलटा फिरत नाही आणि विहीर सुकत नाही. हे खोटं माझ्या वडिलांच्या सांगण्यावरून बोललं गेलं. त्यांची मुलगी म्हणून मी गावाची माफी मागते.

आता तुम्ही जे विचारलं नाही ते. नळ एकच पाहिजे. वाऱ्यासाठी नाही आणि पंपासाठी नाही. ज्या विहिरीचं पाणी माझी माय रोज काढते, तेच पाणी तुमच्या चावडीवर येणार. आणि तिनं मात्र ते गुरांच्या डोणीजवळ जाऊन भरायचं, हे मला मान्य नाही. ती माणूस आहे, म्हणून मान्य नाही. याला दुसरं कारण नाही आणि दुसरं कारण लागू नये.

टेकाडाच्या कागदावर वारस म्हणून माझी सही लागेल. नळ दोन असतील तर मी ती करणार नाही. एक असेल तर गावात येऊन आनंदानं करीन.

शालू पुंजाजी वानखडे,
विज्ञान शिक्षिका


मु. बोरखार
१ जानेवारी १९६२

शालू,

कार्डावर जागा थोडी आहे, ते बरंच आहे.

जानरावांनी नवं धोतर नेसून लखोटा फोडला. घसा खाकरला आणि मोठ्यानं वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज बसला, पण थांबता येईना, कारण आधीच साऱ्यांना सांगून ठेवलं होतं की अक्षर न गाळता वाचीन. माझं नाव आलं तेव्हा साठ माणसांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. पुढचा भागही त्यांनी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. मग सगळे उठून गेले. संस्था बसली.

आता मी पुन्हा पुंज्या झालो आहे. संक्रांतीला येऊ नकोस. माय तुझ्यावर रागावली आहे की माझ्यावर, ते ती सांगत नाही.

पुंजाजी


जुने शहर, अकोला
११ मार्च १९६२

ती. बाबांस,

दोन पत्रांना उत्तर नाही. हे तिसरं.

तुमचा मनोरा चाचांच्या वर्कशॉपासमोर गल्लीत आडवा पडला आहे. गल्लीतल्या बायका त्यावर गोधड्या वाळत घालतात. चाचा कोणाला तो विकत नाहीत. गिऱ्हाईक आलं की सांगतात, "बोरखारचा हाय. गाव सोचून राहिलं."

मायच्या वाट्याचा हंडा माझ्यामुळं राहिला, हे मला रोज टोचतं. वर्गात नळ सोडला तरी आठवतं. पण बाबा, तेच पत्र पुन्हा लिहायची वेळ आली तर तेच लिहीन. त्याबद्दल रागवायचं तर रागवा, पण दोन ओळी लिहून रागवा.

शालू


मु. बोरखार
६ मे १९६२

चि. शालू,

जय भीम. चार महिन्यांचं एकदम लिहितो. मध्ये लिहिलं नाही, कारण रागात लिहिलेलं तू जपून ठेवतेस.

माघ सरला, उन्हं चढली, गावच्या विहिरीचं पाणी खाली गेलं आणि इतकं खारट झालं की घरोघरी डाळ शिजेना. सकाळी चुलीवर ठेवलेलं वरण दुपारी तसंच टणक. माणसं जेवायला बसत आणि डाळ चावत बसत. बायकांनी काही दिवस जळण जाळलं. मग जानरावांच्या मायनं, पार्बताबाईनं, चूलच पेटवली नाही. जानराव विचारायला गेले तर म्हणाली, "पुंजाजीच्या घरी वरन दोन कढात शिजते. तुमचं सोवळं खा आता, भूक लागली असन तं." तिचं पाहून दुसऱ्या घरांतही तेच झालं. तीन दिवस बोरखारातल्या मोठमोठ्या माणसांनी फुटाण्यांवर काढले.

चौथ्या दिवशी जानराव आपल्या घरी आले. पहिल्यांदाच बाजेवर टेकले. म्हणाले, "पुंजाजी, मले मांगंच एक नळ पायजे होता. लोकायसमोर म्हनाची हिंमत नोती. तुया मिस्त्रीनं पंप उलटा फिरवला, मले वाटलं बरं झालं, आता शास्त्राच्या नावावर खपून जाईन. म्हनून तुया पोरीले एक ओळ खोटी मांगतली. तं त्या पोट्टीनं दोन पानं खरं धाडलं." मी म्हटलं, आमच्या घरात ती एकटीच तशी निघाली.

संस्था पुन्हा उभी राहिली. पहिला ठराव, नळ एकच. ग्रामसेवकानं विचारलं, कारण काय लिहू, वाऱ्याचा जोर वाटला जातो असं लिहू का? जानराव म्हणाले, "वाऱ्याले मंधी आनू नको. मास्तरीनबाईनं जे लिवलं तेच लिव." तर तुझं ते "ती माणूस आहे" वाक्य आता संस्थेच्या दप्तरात आहे, खाली एकेचाळीस सह्या. चार घरांनी सही केली नाही. ते अजून खारं पितात. पिऊ दे.

अब्दुल रहीम मनोरा घेऊन आला. साऱ्या गावानं मिळून दोर ओढले, मीही ओढला, माझ्या पुढं आणि मागं कोण होतं ते पाहायला सवड नव्हती. काल चक्र फिरलं. टोप्या तीन उडाल्या. रहीम्यानं साऱ्यांसमोर सांगितलं की पंप एकाच बाजूला फिरतो आणि जन्मभर तसाच फिरेल. लोक हसले, आणि उलट्या पंपावरून दिवसभर त्याला चिडवत राहिले.

आता तुला एक सांगतो. तू पत्र लिहिलंस तेव्हा मला वाटलं, पोरीनं हातातोंडाशी आलेलं घालवलं. पण नळ खोट्यावर मिळाला असता ना शालू, तर दर्यापूरची मोटार आली की मी रोज पाहत बसलो असतो, आज कोणी शिकलेला फिटर तर उतरला नाही? त्यानं एका शब्दात सांगितलं असतं की दोन नळ लावता येतात, आणि मायला परत डोणीवर जावं लागलं असतं. आता कोणीही उतरो.

आज सकाळी माय हंडा घेऊन गेली. मी लांबून पाहत होतो, मला जवळ येऊ नको म्हणाली. रांगेत ती चौथी, तिच्या मागं पार्बताबाई. माय नळाखाली हंडा ठेवून उभी राहिली आणि पाण्याकडं पाहतच राहिली. हंडा भरून वाहायला लागला तरी हलेना. तेव्हा पार्बताबाई मागून ओरडली, "आवो दुर्गे, भरला ना तुया हंडा, सरक ना आता! का एकटीच भरशीन दिवसभर? आमाले सैपाक नाई का?"

माय घरी आली, हंडा उतरवला आणि खाली बसून पदर तोंडाला लावला. मी घाबरलो, पाहतो तर ती हसत होती. मला म्हणाली, "शालूले आजच्या आज लिवा. म्हनावं, पाटलाच्या मायनं मले लायनीत दम देल्ला."

तुझा बाप,
पुंजाजी